दगड बघायला कशाला गेलीस, याचं उत्तर

प्रिय आई-बाबा,

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत की एवढं पेट्रोल जाळून दगड बघायला कशाला गेलीस, आणि तेवढ्यात रेंज गेली, म्हणून आता सविस्तर सांगते. ते नुसते दगड नाहीत हो, पाच हजार वर्षांपूर्वीची कबर आहे, पिरॅमिडच्याही आधीची. इकडे नेदरलँड्सच्या द्रेंथ प्रांतात अशा पन्नासच्या वर आहेत, हुनेबेड म्हणतात त्यांना, मी बघितली ती स्खोनोर्ड गावाजवळ जंगलात आहे, डी-49 नंबरची.

तुम्ही जन्मभर साइटवर काढलीत ना, मग ऐका. दोन्हीकडे उभे दगड, त्यांवर आडवे झाकणाचे, त्यातला मोठा वीस टनांच्या वर भरेल, आणि त्या लोकांकडे लोखंडसुद्धा नव्हतं. ओंडक्यांवरून ओढत आणायचे आणि मातीचा उतार करून वर चढवायचे असा अंदाज आहे. दगडांची सपाट बाजू आत ठेवलीय, फटींत छोटे दगड ठासलेत, तुम्ही असतात तर बोट घालून बघितलं असतं. 1959 च्या सुमारास व्हान गिफेन नावाच्या आर्किऑलॉजिस्टने ती दुरुस्त केली, अर्धी मातीने झाकली, मूळची कशी होती ते कळावं म्हणून, आणि अर्धी उघडी ठेवली. कमी पडलेले दगड त्याने कुठून आणले माहितीये? दुसऱ्या एका मोडक्या हुनेबेडचे! आपल्याकडे कोणी असं केलं असतं तर तुम्ही पेपरला पत्र लिहून मोकळे झाला असतात.

खरं तर या कबरी वाचल्या हेच खूप, कारण समुद्राच्या बांधांची लाकडं शिपवर्मने, म्हणजे लाकूड खाणाऱ्या एका समुद्री जीवाने, पोखरली तेव्हा दगडांना एवढा भाव आला की लोक कबरी फोडून विकायला लागले, शेवटी 1734 मध्ये बंदीचा कायदा करावा लागला.

आई, अंघोळ केली गं घरी येऊन, पण आत हाडं नसतातच, इथल्या रेताड आम्लधर्मी मातीत विरघळून जातात, नरसाळ्यासारख्या तोंडाची मडकी तेवढी सापडतात. पाच हजार वर्षांचं सुतक कोणाला लागतं!

नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं आठवतात ना बाबा, ज्यांच्यात लोखंडी वस्तू आणि घोड्याची हाडं सापडली? ती यांच्यापेक्षा निदान दोन हजार वर्षांनी अलीकडची, म्हणजे नागपूरवाले इथे ज्युनियर.

वाट सपाट आहे, पायऱ्या नाहीत, आईच्या गुडघ्यांना झेपेल, फक्त आत शिरताना वाकावं लागतं. तर दोघांच्या पासपोर्टच्या शेवटच्या तारखा बघून मला व्हॉट्सअॅप करा, उन्हाळ्यातलं तिकीट बघते, आणि बाबा, या वेळी "बघू" म्हणायचं नाही.

तुमची,
ताई