मशीनचे सेल बदलून घ्या

ती. आई-बाबांना सा. न.

आई, दिवाळीत उटणं लावताना तुझा हात मानेशी थबकला. "ही गाठ कसली गं?" मी म्हटलं, सर्दीची. खोटं बोलले. एमआरआय तेव्हा होऊन गेला होता.

गुरुवारी ऑपरेशन आहे. ठरलंय, त्यामुळे "अजून एकदा विचार कर" नको. गाठ कॅन्सरची नाही, हे दोनदा वाचा. दादामामाचं वेगळं होतं. ही श्वानोमा, नसेच्या वेष्टणातून हळूहळू वाढणारी. मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नसेवर, घशाच्या उजव्या अंगाला खोल बसलीय. आवळ्यापेक्षा थोडी मोठी. डॉक्टरांनी बोटांनी हलवली तर आडवी हलली, वरखाली नाही. दाबल्याबरोबर मला ठसका लागला, तेव्हाच त्यांना व्हेगसचा संशय आला.

दुखत नाही तर राहू दे, असं म्हणत मीही वर्ष काढलं. पण आता घास अडखळतो. आणि गाठ वाढली की नस वाचवणं जास्त अवघड.

गऱ्याला चीर देऊन आठळी काढतो ना आपण, गरा न फाडता? तसंच करायचं म्हणतात, म्हणजे नस शक्य तितकी शाबूत राहील. तरी स्वरयंत्राच्या नसा तिच्याच फांद्या. आवाज घोगरा होईल. काही महिने. कदाचित थोडा कायमचाच.

बाबा, म्हणून फोन न करता लिहितेय. पऱ्ह्यापलीकडून माझ्या हाकेला ओ देणारे तुम्ही, हल्ली रात्री नऊला मशीन लावूनही "जरा मोठ्याने बोल" म्हणता. काही दिवस मोठ्याने जमणार नाही. तेव्हा मंदार फोन करेल, मी शेजारीच असेन.

सासूबाई आल्यात. मऊ भात, सार, सगळं मिळतंय, खोली हवेशीर आहे. रातराणी पकडून धावत यायचं नाही. टाके निघाले की मंदार न्यायला येईल. मशीनचे सेल आजच बदला. बीपीची गोळी चुकवायची नाही. आई, नारळ उतरवायला यांना शिडीवर चढू देऊ नकोस, आणि रडून बीपी तुझंही वाढवू नकोस.

आलीस की माझ्या मानेला तेल लाव. डाव्या बाजूला.

तुमची,
मनी