ते रेखाटन नव्हे, एचिंग!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत सतराव्या शतकातल्या जाक कालो या चित्रकाराचे 'फाशी' हे युद्धकाळातले चित्र पाहून फार आनंद झाला. पण खाली 'पेनने काढलेले रेखाटन' असे छापले आहे, ते खटकले. ते एचिंग आहे. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा किंवा व्हार्निशचा थर द्यायचा, त्यावर सुईने रेघ ओढायची, मग आम्ल सोडायचे. रेघेत उघड्या पडलेल्या तांब्याला आम्ल खाते, त्या खाचांत शाई भरून कागदावर छाप घ्यायचा. कालो मऊ मेणाऐवजी वाद्य बनवणाऱ्यांचे कडक व्हार्निश वापरायचा, त्यामुळे थर तडकत नसे आणि रेघ केसासारखी बारीक येई. दूरच्या रेघा आधी झाकून जवळच्या पुन्हा आम्लात खाऊ द्यायच्या, म्हणूनच मागचे सैन्य फिकट आणि पुढचा शिपाई काळाभोर दिसतो. युद्धाच्या हालअपेष्टांवरच्या १६३३ च्या १८ चित्रांच्या मालिकेतले हे चित्र वीतभरही रुंद नाही. तेवढ्यात एकाच झाडाला लटकलेली कितीतरी माणसे, शिडीवर चढवलेला कैदी, खाली पाद्री! तुम्ही ते तिकिटाएवढे छापलेत, त्यात झाडच कळत नाही.

आमच्याकडची इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला बसणारी मुले अशी चित्रे कापून वहीत चिकटवतात. कृपया ते अर्ध्या पानावर, माध्यमाच्या नावासह पुन्हा छापावे.

– एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सात रस्ता, सोलापूर