पाटीवरची राहिलेली ओळ

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात आपण जुन्या मोटारींच्या प्रदर्शनाचा फोटो छापला. त्यातली उजवीकडून दुसरी, गडद हिरवी गाडी आमची. खाली लिहिलं होतं: एमजी बी जीटी, १९६६, आणि पुढे माझं नाव. मैदानावर गाडीसमोर जी पाटी लावली होती तिच्यावरही एवढंच होतं. दिवसभर लोक येत होते, वाकून आत बघत होते आणि जाताना म्हणत होते, "काय छान ठेवलीय हो तुम्ही!" संध्याकाळपर्यंत ते ऐकून मी अवघडून गेलो. कारण गाडी मी ठेवलेली नाही. मी पैसे दिले, इंग्लंडहून सामान मागवलं आणि बाजूला टॉर्च धरून उभा राहिलो. गाडी उभी केली ती दोन माणसांनी. त्यांचं नाव ना पाटीवर होतं, ना बातमीत. त्यासाठी हे पत्र.

एमजी ही इंग्लिश मोटार कंपनी, बी हे तिचं मॉडेल. जीटी म्हणजे ग्रान तुरिस्मो, इंग्रजीत ग्रँड टूरर. शब्द इटालियन. लांबच्या प्रवासाला निघावं, वेगात जावं आणि पोचल्यावर पाठ धरलेली नसावी, अशा मोटारीचं हे नाव. आमची गाडी ज्या घराण्यातली, ते इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यातून ऑक्टोबर १९६५ मध्ये बाहेर पडलं. आधीच्या उघड्या एमजी बीवर पक्कं छत चढवायचं होतं, ते काम मोटारींच्या बॉडी आखणाऱ्या इटलीच्या पिनिनफरिना कंपनीनं केलं. समोरची काच उंच केली, टप मागे उतरत नेला, सामानासाठी वर उघडणारं दार दिलं. आज साठ वर्षांनंतरही या गाडीबद्दल कोणी बोलायला लागलं की पिनिनफरिनाचं नाव निघतंच. आपल्या यशवंतराव होळकर महाराजांच्या ड्यूझेनबर्ग मोटारीचंही तसंच. सांगाडा आणि ६.९ लिटरचं सुपरचार्जरवालं आठ सिलिंडरचं इंजिन अमेरिकेचं, पण बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगनं बांधली, आणि जाणकार ते नाव गाडीच्या नावाला जोडूनच घेतात. त्यांचा माणिकबाग राजवाडा म्हटलं की आपण वास्तुकार एकार्ट मुथेसियसचं नाव घेतो, तसं. मग इंदूरात ज्यानं पत्रा घडवला त्याचं नाव गाळायची रीत आपण कुठून आणली?

माझे काका इंग्लंडात कॉव्हेंट्रीला नोकरीला होते. १९७२ साली ते परत आले ते ही गाडी बोटीनं मुंबईला उतरवूनच. मुंबई-आग्रा रोडनं चालवत घरी आणली. पुढे बारा-चौदा वर्षं उज्जैन, देवास, महू, मांडू सगळीकडे तीच. काका गेले आणि गाडी रामबागेतल्या घराच्या पडवीत ताडपत्रीखाली गेली. उंदरांनी वायरिंग खाल्लं. काचेखालच्या जाळीतून कडुनिंबाचा पाला आत पडत राहिला आणि पावसाळ्यागणिक ओल धरत गेला. भंगारवाले दोनदा येऊन भाव सांगून गेले. दोन्ही वेळा काकूंनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

मी गाडी उघडायचं ठरवलं तेव्हा तीन ठिकाणी दाखवली. कोणी बघतो म्हणाले, कोणी नवं इंजिन टाका म्हणाले. शेवटी एका ओळखीच्यानं दादांकडे नेलं. दादा बाराव्या वर्षापासून ॲम्बॅसेडरच्या गॅरेजात. आता सत्तरी उलटली आहे. त्यांनी एमजी कधी पाहिलेली नव्हती. बॉनेट वर केलं, क्षणभर गप्प राहिले, मग इंजिनाच्या वरच्या कव्हरवर हात ठेवून म्हणाले, "अहो, ही तर आपलीच आहे. फक्त अंगानं भरलीय."

ते शब्दशः खरं निघालं. आपल्या ॲम्बॅसेडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं इंजिन आलं, ते आणि एमजी बीचं १७९८ सीसीचं इंजिन एकाच बी-सिरीज घराण्यातलं. दोन्हींचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ८८.९ मिलिमीटर. फरक बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या रुंदीत, तिकडे ७३, इकडे ८०.३. साऱ्या इंदूरच्या टॅक्स्या आणि सरकारी गाड्या दुरुस्त करता करता या माणसानं नकळत एका इंग्लिश ग्रँड टूररचा अभ्यास करून ठेवला होता.

पण इंजिनाआधी पत्रा. या गाडीला वेगळी चेसी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही. दाराखाली जी पोकळ पेटी असते, सिल म्हणतात तिला, तीच गाडीचा कणा. आमच्या गाडीत दोन्ही बाजूंच्या सिल आतून सडल्या होत्या. बाहेरून रंग शाबूत, बोटानं दाबलं की पापडासारखा पत्रा आत. दादा म्हणाले, हे माझं काम नाही, चाचांचं आहे. चाचा जुन्या इंदूरात एका बोळात बसतात, दुकानावर बोर्डसुद्धा नाही. त्यांनी आधी पत्र्याला हातच लावला नाही. दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, कडेच्या फटीत बोट फिरवलं आणि मला म्हणाले, "भिया, पहले दरवाजे की सुनो." सिल कापली की टप आणि बुडाचा पत्रा एकमेकांना सोडतात, गाडी मधोमध बसते आणि मग दार जन्मात नीट लागत नाही. म्हणून त्यांनी आधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी अँगल टाकून गाडी आतून बांधली. तेव्हा कुठे कटर चालवला. तोही एका वेळी एकाच बाजूला.

मी तिथे रोज संध्याकाळी जात असे. लाकडी हातोडा, खाली वाळूची थैली, आणि थोडं ठोकून झालं की डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवायचा. मला जिथे सपाट दिसे तिथे त्यांना फुगा लागे. पुट्टी भरून वेळ मारून नेता आली असती, ग्राहकाला काय कळतंय! चाचांनी भरली नाही. आज दोन्ही दारांची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे. प्रदर्शनात लोक रंगाचे फोटो काढत होते, मला मात्र त्यांना ओढून ती फट दाखवावीशी वाटत होती.

इलेक्ट्रिकचं काम मी घाईत दुसरीकडे दिलं, ती माझी चूक. या सालच्या गाडीत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असते, आजच्या गाड्यांच्या नेमकी उलट. मागच्या सीटखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, त्याही एकामागे एक जोडलेल्या. त्या दुकानात मुलानं नेहमीच्या सवयीनं उलट्या जोडल्या आणि आरपीएमचा काटा जळाला. दादा रागावले नाहीत. त्यांनी डायनॅमोची दिशा पुन्हा सरळ करून दिली आणि बॅटरीच्या झाकणावर लाल रंगानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं: प्लस = बॉडी. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी धुणाऱ्या पोरानं विचारलं, हे पुसू का? मी पुसू दिलं नाही.

आणि कार्ब्युरेटर, हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा. या गाडीत एसयू कंपनीचे दोन असतात आणि दोन्हींनी सारखा श्वास घेतला पाहिजे. त्यासाठी यंत्रं मिळतात. दादा हातभर रबरी नळी घेतात, एक टोक कानाला, दुसरं आधी एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. सू आवाज दोन्हीकडे एकसारखा येईपर्यंत स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे. मग खालची पिन दाबून पिस्टन किंचित उचलायचा. इंजिन चढलं आणि चढलेलंच राहिलं तर पेट्रोल जास्त, बसू लागलं तर कमी. एकदा त्यांनी नळी माझ्या कानाला लावली. मला दोन्ही आवाज सारखेच वाटले. त्यांना नव्हते वाटले, आणि पिननं त्यांचीच बाजू घेतली.

वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यावर हाच कान पुन्हा कामी आला. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या सेटिंगवर हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ पडतं, शिवाय ते ओल ओढतं आणि जुनं रबर खातं. दादांनी नळ्या बदलल्या, पेट्रोल जरा जास्त यावं म्हणून कार्ब्युरेटरचे जेट खाली घेतले आणि पावसाळ्यात टाकीत पेट्रोल पडून राहू द्यायचं नाही अशी ताकीद दिली.

गाडी तयार झाली तेव्हा आधी मैदान नाही, महेश्वर गाठायचं असं ठरलं. ग्रँड टूररचा सण रस्त्यावरच व्हायला हवा. काकू पुढे, वय ऐंशीच्या पुढे. दादा मागच्या टीचभर सीटवर आडवे बसलेले. चाचांना दुकान सोडवेना. महूमार्गे जाम दरवाजाला थांबलो. अहिल्याबाईंनी तो बांधल्याचा शिलालेख तिथे आहे. काकूंनी तो हातानं चाचपला, आणि खाली निमाडाची सपाटी धुक्यात पसरलेली बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. घाट उतरताना दादा मागून फक्त आवाज ऐकत होते. या गाडीत पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअरचे वेग आपोआप जुळवणारी सोय, नाही, गाडी चालती असताना तो टाकला की दात करकरतात. एका वळणावर मी तेच करणार होतो, तर मागून खांद्यावर हात आला, "दुसऱ्यातच राहू द्या, ती ओढेल." ओढली.

आयोजकांना म्हणूनच विनंती आहे. पुढच्या वेळी प्रवेश-अर्जात एक रकाना वाढवा: पत्रा कोणाचा, इंजिन कोणाचं. पाटीवर मालकाच्या नावाखाली ती ओळ येऊ द्या. माझं नाव बारीक टाकलं तरी चालेल. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये नियम करून ५० वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना व्हिंटेजचा दर्जा दिला. ते मूळ रूप कोणाच्या हातांनी टिकतं हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. आणि जमलं तर तिथेच अर्धा तास दादांना एक टेबल आणि ती रबरी नळी द्या, आयटीआयची मुलं बोलवा. दादांचा मुलगा आता नव्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये संगणकाला वायर जोडून दोष शोधतो, आणि चांगलं काम करतो. पण एसयूचा आवाज ओळखणारं त्या गॅरेजात दादांनंतर कोणी नाही. चाचांच्या बोळात तर शिकायला कोणी येतच नाही.

आपल्यालाही एक विनंती. त्या फोटोखाली दोन नावं राहिली, ती छापावीत. दोघांची नावं वेगळ्या कागदावर सोबत जोडली आहेत. दादांना विचारलं तर म्हणाले, एकट्याचं नको, चाचांना विचारा, दोघांचं मिळून येऊ द्या. चाचा नातीच्या लग्नाला गावी गेले आहेत, पुढच्या शुक्रवारी येतील. त्यांचा होकार मिळाला की मी कार्यालयात फोन करीन. तोवर कागद जपून ठेवावा.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर
(पूर्ण नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)