क्लबचा इतिहास जपणाऱ्यांचे आभार

आमच्या फुटबॉल क्लबच्या जुन्या वस्तू आणि आठवणी गोळा करण्याच्या कामात ज्यांनी हातभार लावला, त्या सर्वांचे मी मनःपूर्वक आभार मानतो. त्यांतील अनेकांनी आपले नावही न सांगता पाकिटे आणून दिली. एका पाकिटातील कृष्णधवल छायाचित्राच्या मागे 11 खेळाडूंची नावे डावीकडून क्रमाने, पेन्सिलीने लिहिलेली होती. ती ओळ नसती, तर ते चेहरे कायमचे अनोळखी राहिले असते. ज्यांनी सामन्यांच्या वृत्तांची कात्रणे लॅमिनेट न करता जपली, त्यांचे ऋण फार मोठे आहे, कारण वृत्तपत्राचा कागद आधीच पिवळा पडून ठिसूळ होत जातो आणि एकदा चिकटवलेले प्लास्टिक त्याला इजा न करता काढणे जवळजवळ अशक्य असते. वादीने (चामड्याच्या बारीक पट्टीने) आवळलेला चामडी चेंडू देणाऱ्या आजोबांनी तो पावसात भिजून किती जड होई आणि हेडर मारताना वादी कपाळाला कशी लागे, हेही सांगितले आणि ध्वनिमुद्रित करू दिले. माझ्या लेखी ही देणगी चेंडूहूनही मोलाची आहे. ग्रंथालयात जुने अंक चाळून तारखा पडताळून देणाऱ्यांचाही मी ऋणी आहे.