वाट बंद करू नका, वाटेवर काम करू द्या

संपादक महोदय,

डोंगरावरच्या पायवाटांवर सायकलींना सरसकट बंदी घालावी, अशी मागणी करणारे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. त्यांच्या तक्रारी दोन आहेत. सायकलींमुळे वाटा उखडतात, ही एक. आणि उतारावरून भरधाव येणाऱ्या सायकलस्वारांमुळे चालणाऱ्यांना, विशेषतः ज्येष्ठांना, जीव मुठीत धरून चालावे लागते, ही दुसरी. दुसरी तक्रार पूर्णपणे खरी आहे. पहिली मात्र अर्धवट आहे आणि बंदीचा सगळा डोलारा तिच्यावरच उभा आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहिते. मी इथल्या माउंटन बायकिंगच्या ग्रुपमध्ये बरीच वर्षे सायकल चालवते आणि त्याच वाटांवर कुदळ-फावडे घेऊन कामही करते.

डोंगरवाट बिघडते ती मुख्यतः पाण्याने. सरळ उताराच्या दिशेने खाली जाणारी वाट पावसाच्या पाण्याला आयता पाट मिळवून देते. पाणी वाटेत शिरते, बाहेर पडायला जागा नसते, वेग वाढतो आणि ते माती घेऊन खाली जाते. दोन-चार पावसांत मुळे उघडी पडतात, दगड सुटतात, मधोमध घळ होते. मग चालणारे त्या घळीच्या कडेने जाऊ लागतात, सायकलवालेही तेच करतात, आणि हातभर वाटेची मैदानासारखी रुंद पट्टी होते. अशी वाट एकही सायकल न फिरकता उद्ध्वस्त होऊ शकते.

वाट बांधणारे म्हणूनच आधी उतार मोजतात. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त ठेवायचा नाही, हा त्यांचा साधा नियम. उतार 16 टक्के असेल तर वाट 8 टक्क्यांच्या आत. एकूण सरासरी साधारण 10 टक्क्यांपुढे जाऊ द्यायची नाही, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर फार तर दहा मीटर वर. शिवाय वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित झुकता ठेवायचा, जवळजवळ 5 टक्के, म्हणजे पाणी वाटेवरून लांबवर न धावता आडवे निघून जाते. मध्ये मध्ये चढाची दिशा थोडी उलटवून छोटा खोलगट भाग ठेवला की उरलेले पाणीही तिथून बाहेर पडते. अशी वाट डोंगराच्या कुशीतून तिरकी जाते आणि वर्षानुवर्षे टिकते.

आता सायकलींचा वाटा किती, हे पाहू. 1994 साली अमेरिकेतल्या माँटाना राज्यातील डोंगरवाटांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पायी चालणारे, घोडे, मोटारसायकली आणि सायकली यांच्यामुळे किती माती सुटी होते, याची तुलना होती. आधी भिजवलेल्या वाटेवर घोड्यांच्या टापांनी आणि माणसांच्या पावलांनी चाकांपेक्षा जास्त माती सुटी केली, असे त्यात आढळले. एका अभ्यासावरून सायकल निर्दोष ठरत नाही आणि मी तसे म्हणतही नाही. पण एकट्या सायकलीला आरोपी ठरवणे या निष्कर्षात कुठेच बसत नाही.

सायकल नुकसान करते ते चालवण्याच्या पद्धतीमुळे. उतारावर मागचा ब्रेक करकचून दाबला की मागचे चाक फिरायचे थांबते आणि घसरत जाते. ते घसरणे म्हणजे वाटेवर नांगर फिरवणे. ती चरी पुढच्या पावसात पाण्याचा रस्ता बनते. खरे तर ब्रेक दाबल्यावर सायकलस्वाराचे वजन पुढे सरकते, त्यामुळे वेग कमी करण्याचे मोठे काम पुढच्या ब्रेककडे जाते. दोन्ही ब्रेक हलक्या बोटांनी, वळणाच्या आधीच वापरले तर चाक घसरतच नाही आणि स्वारही वळणावर जास्त सुरक्षित असतो. व्हिडिओत धूळ उडवत वळण घेणारे स्वार रुबाबदार दिसतात, त्यामुळे नवीन मुलांना घसरणे हेच कौशल्य वाटते. ते कौशल्य नाही. आमच्या ग्रुपमध्ये नव्या रायडरला आधी हेच शिकवले जाते, आणि जो ऐकत नाही त्याला पुढच्या राईडला बोलावले जात नाही.

ओल्या वाटेवर सायकल घालणे हा दुसरा अपराध. चाकाला चिखल चिकटत असेल आणि मागे टायरची खोल खूण उमटत असेल, तर तिथूनच मागे फिरायचे असते. दोन दिवस वाट सुकू द्यायला कुणाचेही काही बिघडत नाही. आधीच डबके साचलेले असेल आणि पार करणे भागच असेल, तर कपडे खराब होऊ देऊन मधूनच जावे. बाजूने वळसा घालणारा प्रत्येक जण वाट रुंद करत असतो. हे चालणाऱ्यांनाही लागू आहे, आणि हेअरपिन वळणांवर शॉर्टकट मारणाऱ्यांना तर फारच. दोन वळणांमधला तो सरळ शॉर्टकट पाण्याला नेमका हवा असतो.

आता ज्येष्ठांच्या भीतीविषयी. पायी चालणाऱ्याला सायकलस्वाराने वाट द्यायची, आणि दोन सायकली समोरासमोर आल्या तर उतरणाऱ्याने चढणाऱ्यासाठी थांबायचे, हा जगभर मानला जाणारा शिष्टाचार आहे. वाट देणे म्हणजे घंटी वाजवून समोरच्याला बाजूला व्हायला लावणे नव्हे. वेग इतका हवा की दिसते तेवढ्या अंतरात सायकल थांबवता येईल. आंधळ्या वळणावर तर चालण्याच्या वेगानेच जावे. मागून येत असाल तर लांबूनच आवाज द्या, पाय टेका, दोन शब्द बोला, मग पुढे जा. हे न पाळणारे आमच्यात आहेत, हे मी नाकारत नाही. सकाळी चालायला येणाऱ्या एखाद्या आजोबांना दचकून कडेच्या झुडपाचा आधार घ्यावा लागतो, तेव्हा त्या स्वाराने साऱ्या ग्रुपची पत घालवलेली असते. सकाळच्या गर्दीच्या वेळी उताराच्या दिशेने सायकली नकोत, असा नियम कुणी केला तर आमचा ग्रुप त्याला मनापासून पाठिंबा देईल. पत्रलेखकांनी एवढे मागितले असते, तर मी त्यांच्या पत्राखाली सही केली असती.

सरसकट बंदीने काय होते, हे या खेळाच्या इतिहासात दिसते. 1970च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन उतारावरून पळवू लागले. 1976 साली तिथे शर्यती सुरू झाल्या आणि 1977 मध्ये जो ब्रीझ यांनी खास डोंगरासाठी नवी सायकल बांधली. पुढच्या दशकात सायकली वाढल्या, चालणाऱ्यांशी आणि घोडेस्वारांशी खटके उडू लागले आणि वाटा एकामागून एक सायकलींना बंद होऊ लागल्या. तेव्हा तिथल्या काही क्लबांनी एकत्र येऊन 1988 साली इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन स्थापन केली. वाटांवर श्रमदान, टिकाऊ वाटा बांधण्याचे प्रशिक्षण, वाटेवरचे नियम यांवर या संघटनेने भर दिला. 1996 साली हा खेळ अटलांटा ऑलिम्पिकमध्ये पोहोचला, तरी वाट राखण्याचे काम आजही कुदळ-फावड्यानेच चालते. बंदीमुळे वाट सांभाळणारी माणसेच तिथून निघून जातात आणि नियम न पाळणारे मात्र अंधारात, आडवेळी येतच राहतात.

आमच्या कामाच्या सकाळी काय होते, हे पत्रलेखकांनी एकदा येऊन पाहावे. वापराने वाटेचा मधला भाग दबतो आणि दरीच्या बाजूला मातीचा बारीक बांध तयार होतो. तो दिसतो क्षुल्लक, पण तोच पाणी अडवून वाटेवर कोंडतो. कुणी कुदळीने तो बांध फोडतो, कुणी फावड्याने माती ओढून दबलेल्या भागात भरतो, कुणी घमेल्याने दगड वाहतो. पालापाचोळ्याची काळी माती बाजूला काढतात, कारण ती पाणी धरून ठेवते; भरावाला खालची घट्ट माती लागते. शेवटी शाळकरी मुलांपैकी एक जण सायकलची बाटली काढून वाटेवर पाणी ओततो. पाणी वाटेने खाली धावले तर काम पुन्हा करायचे. दरीच्या बाजूला आडवे वळले तरच तो तुकडा पुरा झाला. पाणी वळले की ती मुले जो जल्लोष करतात, तो मी कुठल्याही शर्यतीच्या शेवटी ऐकलेला नाही.

पत्रात उल्लेख झालेला टेकडीच्या पाठीमागचा घसरडा टप्पा आमच्या यादीत सर्वांत वर आहे. ती वाट सरळ उताराला लागून खाली जाते, त्यामुळे नुसत्या डागडुजीने ती टिकणार नाही. तिची आखणी बदलून ती तिरकी वळवावी लागेल, जुनी वाट फांद्या आणि दगड टाकून बंद करावी लागेल. त्यासाठी जमिनीचा ताबा असलेल्या कार्यालयाची लेखी परवानगी हवी. आमचा अर्ज तिथे पडून आहे आणि परवानगीशिवाय एक दगडही हलवायचा नाही, हे आम्ही ठरवलेले आहे. परस्पर वाटा खणणाऱ्या काही उत्साही मंडळींनी या खेळाचे बरेच नुकसान केले आहे, त्यांच्या रांगेत आम्हाला बसायचे नाही.

आपल्या वृत्तपत्राने हा विषय लावून धरावा, ही विनंती. चालणाऱ्यांचे प्रतिनिधी, सायकलस्वार आणि संबंधित अधिकारी यांना एकदा त्या टप्प्यावर प्रत्यक्ष आणता आले, तर बैठकीच्या खोलीत महिनोन्‌महिने चालणारी चर्चा तिथे तासाभरात संपेल. पाऊस ओसरल्यावर माती ओलसर असते, तेव्हा धुम्मस मारली की ती घट्ट बसते. उन्हाने कोरडी पडली की भराव जागेवर राहत नाही. त्यामुळे निर्णय पाऊस संपायच्या आधी झाला, तर याच हंगामात काम सुरू करता येईल. माणसे आणि अवजारे आमची तयार आहेत.

आपली,
एक सायकलस्वार वाचक