रंगाच्या आधी नंबर वाचा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

जुन्या मोटारींवर वर्तमानपत्रांत मजकूर येतो तेव्हा त्यात कौतुक असते ते चकचकीत रंगाचे आणि क्रोमचे. गाडी मूळची कोणती, आत इंजिन कुठले, मधल्या काळात काय काय बदलले गेले, हे सहसा कुणी विचारत नाही. जपानी स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत हे न विचारणे फार महागात पडते. त्यांच्यात एका वर्षाच्या गाडीचे भाग दुसऱ्या वर्षाच्या गाडीला सहज बसतात आणि बाहेरून काही कळत नाही. परदेशात राहणारे आपले काही वाचक अशी गाडी घ्यायच्या विचारात असतील, म्हणून डॅटसन २४०झेड या एकाच गाडीबद्दल सविस्तर लिहितो आहे. (डॅटसन ही निस्सान कंपनीचीच छाप.)

ही गाडी १९६९च्या अखेरीस जपानमध्ये ‘फेअरलेडी झेड’ या नावाने आली. अमेरिकेत ती १९७० साली ३,५२६ डॉलरला मिळत होती. एस३० हे तिच्या पहिल्या पिढीचे नाव. २४०, २६० आणि २८० अशी रूपे बदलत ही पिढी १९७८पर्यंत चालली.

ओळख पटवायची ती इंजिनामागच्या फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्यावर, ठोकलेल्या चेसिस नंबरावरून. ‘एचएलएस३०’ म्हणजे डाव्या हाताची (स्टीअरिंग डावीकडे असलेली) २४०झेड, ‘एचएस३०’ म्हणजे उजव्या हाताची. ‘आरएलएस३०’ ही २६०झेड. सुरुवातीला ‘जी’ असेल तर मागे दोन सीट असलेली लांब गाडी. यात एक खोच आहे. २८०झेडवरही पुन्हा ‘एचएलएस३०’च आहे, त्यामुळे नुसत्या अक्षरांवर विसंबू नये. मूळ २८०ला कार्बोरेटर नसतो, फ्युएल इंजेक्शन असते. ‘पीएस३०’ दिसले तर मात्र थांबून नीट बघा. ती झेड४३२. तिच्यात दोन कॅमशाफ्टचे, २४ व्हॉल्व्हचे, १,९८९ सीसीचे एस२० इंजिन असते. अशा गाड्या जेमतेम सव्वाचारशे झाल्या, म्हणूनच तिच्या नकला पुष्कळ आहेत.

डॅशबोर्डवर काचेतून दिसणारी नंबरपट्टी रिव्हेटने बसवलेली असते. रिव्हेट काढला की पट्टी दुसऱ्या गाडीवर जाते. फायरवॉलवरचा नंबर पत्र्यातच ठोकलेला असल्यामुळे तो असा हलवता येत नाही. म्हणून पट्टीवरचा नंबर फायरवॉलवरच्या नंबराशी, आणि बॉनेटखालच्या प्लेटवर लिहिलेला इंजिन क्रमांक प्रत्यक्ष इंजिनावरच्या क्रमांकाशी जुळवून बघा. इंजिनाचा स्वतःचा क्रमांक ब्लॉकच्या उजव्या बाजूला, मागच्या टोकाशी, हेडच्या (ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागाच्या) सांध्याखाली ठोकलेला असतो. तिथे तेलाची आणि धुळीची पुटे चढलेली असतात. रॉकेल आणि ब्रशने जागा साफ करा, पॉलिशपेपर लावू नका. अमेरिकी गाडीच्या दाराच्या चौकटीवर बनावटीचा महिना आणि वर्षही असते. हे सगळे दिवसाच्या तिरप्या उजेडात फोटो काढून ठेवा आणि मगच गाडी रंगाऱ्याच्या हाती द्या. सँडब्लास्टिंग करणाऱ्याने फायरवॉलवर नोझल धरला की ठोकलेले आकडे बोथट होतात, आणि वर प्रायमर बसला की ते वाचायलाच येत नाहीत.

ओळख पटली नाही तर सुटे भागही चुकतात. एल२४, एल२६ आणि एल२८ ही तिन्ही इंजिने बाहेरून सारखीच दिसतात. एल२४चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८३ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७३.७ मिमी. एल२८चा बोअर ८६, स्ट्रोक ७९. कित्येक २४०मध्ये आज एल२८ बसवलेले आहे. मालकाने ‘२४०च्या पिस्टन रिंगा’ म्हणून मागवायच्या आणि खोललेल्या इंजिनात ८६चा बोअर निघायचा, हे वारंवार घडते. हेडवर प्लगच्या बाजूला ओतीव अक्षरे असतात, तीही वाचा. ई३१ सुरुवातीचे, त्यानंतर ई८८. एन४२ आणि एन४७ ही २८०ची. ई३१चे ज्वलनकक्ष लहान आहेत. ते हेड सपाट पिस्टनच्या एल२८वर चढवले की कॉम्प्रेशनचे प्रमाण दहाच्या वर जाते, आणि साध्या पेट्रोलवर चढाला इंजिन ठोकायला लागते. मग मालक कार्बोरेटर आणि टायमिंग छेडत बसतो.

सुटा भाग मागवताना मॉडेलचे नाव सांगून भागत नाही, निस्सानचा पार्ट नंबर सांगावा लागतो. तो पाच अधिक पाच अक्षरांचा असतो. पहिले पाच आकडे भागाचा प्रकार सांगतात, उदाहरणार्थ ११०४४ म्हणजे हेड गॅस्केट, २१०१० म्हणजे वॉटर पंप. पुढची पाच अक्षरे गाडी आणि वर्ष ठरवतात. ‘ई४१’ने सुरू होणारे शेपूट बहुधा २४०चे असते. जुना नंबर बंद होऊन त्याजागी नवा आलेला असतो, तेव्हा जुना-नवा दोन्ही लिहून ठेवा. टोयोटाने २०००जीटीचे गिअरबॉक्सचे भाग, निस्सानने आर३२ जीटी-आरचे, माझदाने पहिल्या एमएक्स-५चे भाग पुन्हा काढले आहेत. २४०च्या मालकाला मात्र जुन्या साठ्यावर आणि बाहेरच्या कारागिरांनी नव्याने केलेल्या भागांवर विसंबावे लागते. म्हणूनच काढलेला जुना भाग भंगारात टाकू नये. चिरलेला डॅशबोर्ड, मोडके क्लिप, गंजलेला कंस, काहीही असो, मापाला आणि नमुन्याला तोच उपयोगी पडतो.

सुरुवातीच्या गाड्यांच्या डिकीच्या दारावर काचेखाली दोन आडव्या झरोकेपट्ट्या होत्या. १९७१च्या सुरुवातीला त्या गेल्या आणि मागच्या खांबावर गोल ‘झेड’ बिल्ला आला. झरोक्यांचे दार दुर्मीळ झाल्यामुळे ते नंतरच्या गाडीवर लावून ‘पहिल्या वर्षाची’ म्हणून विकली जाते.

आता बोल्टच्या आट्यांबद्दल. जपानी मोटारीत दहा मिलीमीटरच्या बोल्टचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, १.२५ मिमी असतो. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारा दहाचा बोल्ट १.५चा असतो. तो दोन वेढे हाताने जातो आणि तिसऱ्याला अडतो. तिथे पान्हा लावला की ॲल्युमिनियमचे आटे गेलेच म्हणून समजा. आपल्याकडे मारुतीवर हात बसलेल्या फिटरला हे सांगावे लागत नाही. ब्रेकच्या नळ्यांचे नट दहाचे पण १.० पिचचे असतात. ऑइल प्रेशरच्या सेन्सरला मात्र ब्रिटिश पाइप आटे आहेत. ते भारतात कुठेही मिळतात, अमेरिकेतल्या दुकानात तिथले वेगळे आटे हातात येतात आणि ब्लॉक चिरण्याची भीती असते. फुलीसारख्या खाचेच्या स्क्रूवर बारीक ठिपका दिसला तर तो जपानी मापाचा. त्याला साधा स्टार स्क्रूड्रायव्हर लावला की तो वर सरकतो आणि खाच गोल होते. कार्बोरेटरच्या झाकणाचे स्क्रू असेच खराब होतात. जपानी मापाचा स्क्रूड्रायव्हर घ्या, हातोडीचा एक हलका ठोका द्या, मग फिरवा.

दोन कामे अशी आहेत की त्यांत चूक झाली तर आठवडे जातात.

पहिले, हेड काढणे. कॅमचा स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) सोडला की चेन ढिली पडते आणि खाली ती ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा दट्ट्या बाहेर उडतो. मग स्प्रॉकेट परत बसत नाही, पुढचे सगळे झाकण उतरवावे लागते, वॉटर पंप आणि पुलीसकट. म्हणून आधी एक नंबरचा पिस्टन वर आणा आणि चेनची कडी व स्प्रॉकेट यांवर पांढऱ्या रंगाची खूण करा. मग निमुळती लाकडी पाचर चेनच्या मधोमध वरून घट्ट ठोकून बसवा. पाचरीला भोक पाडून दोरी बांधली की ती नंतर ओढून काढता येते. स्प्रॉकेटला तीन भोके असतात, त्यांतले कोणते वापरात आहे तेही लिहा. हेडचे बोल्ट दोन लांबींचे आहेत. इंजिन पूर्ण थंड असताना टोकाकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल करत या, नाहीतर हेड वाकते. जोडल्यावर थंड इंजिनात इनटेक व्हॉल्व्हची फट ०.२० मिमी, एक्झॉस्टची ०.२५ मिमी ठेवा.

दुसरे, मागच्या सस्पेन्शनची आडवी पिन. ती चाकाकडच्या ओतीव भागातून आरपार जाते आणि मधे एका निमुळत्या लॉकिंग पिनने अडकवलेली असते. पन्नास वर्षांत ती आत जाम होते. आधी ती लॉकिंग पिन काढा. हे न करता मुख्य पिनवर घण घातला तर टोकाचे आटे फुलतात आणि मग पिन आरपार निघूच शकत नाही. तीन-चार दिवस गंजतेल सोडत राहा. नट टोकाबरोबर ठेवून पोकळ नळीच्या पुलरने ओढा. गरम करायचे झालेच तर ओतीव भाग करा, रबरी बुशजवळ ज्योत नेऊ नका. नाहीच निघाली तर दोन्ही बाजूंनी पिन कापून उरलेला तुकडा हायड्रॉलिक प्रेसवर ढकला. नवी पिन ग्रीस लावून बसवा, आणि तिची खाच लॉकिंग पिनच्या भोकासमोर आली आहे ना, ते बघा.

गंजाचे बघायचे तर बॅटरीच्या ट्रेखालून सुरुवात करा. तिथे आम्ल गळून खालची चौकटनळी खाल्लेली असते. मग सीटखालचा पत्रा, दारांखालचे उंबरे, मागच्या चाकांच्या कमानी, स्टेपनीचा खळगा. काचेपुढच्या जाळीत पाने अडकून पाणी आत उतरते आणि गालिच्याखालचा डांबरी थर ते धरून ठेवतो. उंबरे कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवी सळी जोडून घ्या, नाहीतर गाडी मधून बसते आणि दार लागेनासे होते. लांबी (पुटी) भरलेला पत्रा ओळखायला कापडात गुंडाळलेले चुंबक पुरते.

भारतात २०२१च्या मोटार वाहन नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न झालेली गाडीच विंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेच्या पाटीसह नोंदवता येते. २४०झेड आता त्या वयात आली आहे. तेव्हा आपल्या अंकात अशा गाडीचे छायाचित्र येईल, त्या वेळी मॉडेलच्या नावाबरोबर चेसिसची सुरुवातीची अक्षरे आणि इंजिनाचा प्रकार एवढे दोन तपशील जरूर छापावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक