दोन थेंबांच्या मधली पाच मिनिटं

कोथरूड, पुणे
रविवार, दुपारचे तीन

तीर्थरूप बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर बोलायला घेतलं की बाबा "बरं, आणि?" म्हणतात आणि माझं सांगायचं ते राहून जातं, म्हणून लिहिते आहे.

बाबा, गेली बारा वर्षं दर रविवारी तुम्ही विचारता, "सध्या काय वाचतेस?" आणि मी काहीतरी नाव ठोकून देते. निम्मी नावं तुम्हीच कधीतरी सांगितलेली, दोन-तीन अप्पा बळवंत चौकातून येताना दुकानाच्या काचेत दिसलेली. त्यातलं वाचलेलं जवळजवळ काहीच नाही. एकदा तुम्ही विचारलंत, "शेवट कसा वाटला?" मी म्हणाले, "जरा लांबलाय." तुम्ही म्हणालात, "अगदी बरोबर." त्या दिवशी लाजही वाटली आणि सुटल्यासारखंही झालं. असो. कबुली दिली.

प्रयत्न केले नाहीत असं नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर वाचणारा माणूस म्हणजे तुम्ही. रात्रीचे साडेनऊ, जेवणं आटोपलेली, ओटीवरची आरामखुर्ची, आणि हाताशी ती लाल कापडी पुठ्ठ्याची वही. बँकेत खतावणी लिहावी तशी: अनुक्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, आणल्याची तारीख, परत केल्याची तारीख, शेरा. शेरे तीनच. 'ठीक', 'बरे', 'वाचनीय'. त्या तासाभरात घरात भांड्याला भांडंही लागायचं नाही. विश्वकोशाचं कार्यालय वाईत असल्यामुळे वाईकर जन्मतःच वाचक असतो, हे तुमचं लाडकं मत. मग मी कोणत्या गावची, असा प्रश्न मला पुष्कळदा पडलाय.

तर मीही खुर्ची आणली. शेजारी वाकवता येणारा दिवा आणला. खुर्चीवर आता न वाळलेले कपडे असतात आणि दिवा तुमच्या नातीनं चित्रकलेसाठी पळवलाय. पहाटे पाचला उठून पाहिलं. पाचला उठता येतं, पण पुस्तक उघडलं की साडेपाचला परत झोपता येतं. २०२३च्या डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पहिला पुस्तक महोत्सव भरला तेव्हा अकरा पुस्तकं घेऊन आले, पिशवीचा बंद तुटेपर्यंत. घरी आल्यावर इतकं समाधान वाटलं की वाचायची गरजच उरली नाही. पुस्तक विकत घेणं आणि वाचणं यांत मनाची किती गल्लत होते! एका ग्रंथालयाची सभासदही झाले. पहिलंच पुस्तक पाच महिने घरी राहिलं आणि दंड भरून, न वाचता, परत गेलं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "मोठं होतं का?" मी हो म्हणाले. पावणेदोनशे पानांचं होतं.

यातली गंमत म्हणजे तुम्ही पुण्याला आलात की लक्ष्मी रस्त्यावर पुणे नगर वाचन मंदिरापाशी हटकून थांबता आणि १८४८ साल, लोकहितवादी वगैरे सुरू करता. जावईबापू मान डोलावतात, मी मागे उभी राहून दंडाचा विचार करते.

रात्री साडेनऊला माझ्याकडे काय चालतं ते सांगते. पुस्तक मांडीवर. दोन परिच्छेद होतात न होतात तोच फोन थरथरतो. सोसायटीचा ग्रुप: टँकर आला का? आला. गढूळ आहे. कुणाच्या गाडीवर मांजर बसलंय. फोन हातात आहेच तर म्हणून एक रील, भिंतीला पुट्टी लावणाऱ्या माणसाचं. आम्हाला घर रंगवायचं नाहीये. तरी चाळीस मिनिटं त्याच्याकडे आणि त्याच्यासारख्या आणखी लोकांकडे बघत बसते. मग झोप. पण सगळं फोनवर ढकलणंही खरं नाही. फोन नव्हता तेव्हाही मी परीक्षेच्या आदल्या दिवशी कपाट आवरायला घ्यायचे. आळस माझा जुना आहे, फोननं त्याला फक्त बसायला पाट दिला.

आणि मग तुमचा सकाळचा निरोप यायचा, गुलाबाच्या फुलासह: 'कोणतीही सवय एकवीस दिवसांत लागते.' बाबा, ते एकवीस दिवस मी निदान चार वेळा सुरू केले. सहाव्या-सातव्या दिवशी खंड पडला की वाटायचं, गेलं, आता पुन्हा पहिल्यापासून. नंतर कळलं की लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर याचा रीतसर अभ्यास केला होता, २००९ साली तो प्रसिद्ध झाला. प्रत्येकानं एक साधी गोष्ट निवडायची आणि ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला जोडायची, म्हणजे न्याहारीनंतर, जेवणानंतर, अशी. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाला तर २५४ लागतील असा हिशेब निघाला. आणि एखादा दिवस चुकला म्हणून कुणाचं फारसं बिघडलं नाही. हे वाचून मला जरा बरं वाटलं. तरी पुस्तक काही उघडलं नाही.

ते उघडलं जूनमध्ये. आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी इकडे होती तेव्हा. बाबा, तुम्ही वाईला होतात, म्हणून हे तुम्हाला ठाऊक नाही. आई स्वतःहून सांगणाऱ्यातली नाही.

पहिला आठवडा डोळ्यात दिवसातून सहा वेळा थेंब. दोन बाटल्या, एक गुलाबी झाकणाची, एक पांढऱ्या. वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं. सिस्टरनी बजावलं होतं, एक औषध घातलं की दुसऱ्याच्या आधी पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर पहिलं वाहून जातं. तर पहिला थेंब घातला, आई दिवाणावर उताणी, डोळा मिटलेला, गालावर कापसाचा बोळा. मी नेहमीप्रमाणे फोन काढला. आवाज बंद होता, तरी तिला कसं कळलं देव जाणे. डोळा न उघडता म्हणाली, "तो ठेव. माझ्या पिशवीत पुस्तक आहे. खूण आहे तिथनं वाच."

पिशवीत शालीखाली ग्रंथालयाचं पुस्तक होतं. खूण म्हणजे साबुदाण्याच्या पुडीचा कागद, चौपदरी घडी घातलेला. मी म्हटलं, "आई, पाच मिनिटांत काय होणार?"

"दोन पानं होतात."

उपदेश नव्हता तो. वाटीभर तांदळाला किती पाणी, हे सांगावं तशी माहिती होती. मी वाचलं. दोनच पानं झाली. एक मामा मुंबईहून घरी येतात आणि ट्रंक उघडायला नकार देतात, एवढंच त्यात घडतं. मग मोबाइलवर लावलेला गजर वाजला, दुसरा थेंब घातला, पुस्तक बंद. आता तीन तास थांबायचं! सहा वेळा दोन पानं म्हणजे दिवसाला बारा, आठवड्याला चौऱ्याऐंशी. गेल्या सबंध वर्षात मी चौऱ्याऐंशी पानं वाचली नव्हती. आणि दुपारच्या थेंबाची वेळ व्हायच्या आधीच मी बाटल्या घेऊन हजर राहायला लागले. आईला वाटलं लेक फार काळजी घेते. मला ट्रंकेत काय आहे ते बघायचं होतं.

बाबा, तेव्हा मला एक गोष्ट दिसली, जी लहानपणापासून समोर होती. आपल्या घरात वाचणारी माणसं दोन होती. एकाला खुर्ची होती. दुसरी ओट्याशी उभी राहून वाचायची, कुकरच्या तीन शिट्ट्यांमध्ये, दूध तापेपर्यंत, रेशनच्या रांगेत, सातारच्या एसटीत. तुम्ही आणलेल्या पुस्तकांच्या कोपऱ्यावर हळदीचा अंगठा उमटायचा आणि तुम्ही चिडायचात, "ग्रंथालयाचं पुस्तक आहे, पंचांग नव्हे." दूध उतू गेलं की खापर पुस्तकावर. मीसुद्धा हसायचे तुमच्याबरोबर. तुमचा तास मोडू नये म्हणून तेव्हा आई आम्हाला घेऊन आतल्या खोलीत बसायची. म्हणजे जो तास घरात वाचनाचा म्हणून पाळला जायचा, नेमका त्याच तासात तिला वाचता यायचं नाही. त्या लाल वहीत तिनं वाचलेल्या एकाही पुस्तकाची नोंद नाही. मी तिला विचारलं, किती वाचली असशील? म्हणाली, "कुणी मोजलंय."

२०१७ साली भिलार पुस्तकांचं गाव झालं, त्याच्या पुढच्याच दिवाळीत आपण गेलो होतो, आठवतं? घराघरांत पुस्तकं मांडलेली, कुणीही जावं, बसावं, वाचावं. तुम्ही एका घरात चरित्रं घेऊन बसलात, मी फोटो काढत हिंडले. आई दुसऱ्या घराच्या पडवीत एक कथा वाचत होती. तुमचं झाल्यावर आपण निघालो. गाडीत ती पाचगणीपर्यंत गप्प होती. मला वाटलं, घाट लागतोय.

रागानं लिहीत नाहीये. सांगायचंय ते एवढंच, की बारा वर्षं मी तुमच्यासारखं वाचायचा खटाटोप केला आणि तो जमला नाही, कारण माझं आयुष्य तुमच्या साडेनऊसारखं नाहीच, आईच्या ओट्यासारखं आहे. इकडचं उचल, तिकडचं ठेव. तिच्यासारखं वाचायला लागले आणि जमतंय.

थेंब संपले, आई वाईला गेली. मग ती पाच मिनिटं मी इकडेतिकडे शोधायला लागले. कुकर लावला की पुस्तक फ्रिजवर असतं, हात पुसून घेते. (अंगठा उमटतोच.) ऑफिसला मेट्रोनं जाते. वनाज पहिलं स्टेशन असल्यामुळे सकाळी बसायला जागा हमखास. फोन डब्याच्या पिशवीत, डब्याच्या खाली. काढायचा तर आधी आमटीचा डबा बाहेर काढावा लागतो आणि मेट्रोत ते काही बरं दिसत नाही. डेक्कनच्या पुढे नदी लागते तिथे मान वर करते, मग पुन्हा खाली. एकदा कल्याणीनगर गेलेलं कळलंच नाही, थेट रामवाडीला, शेवटच्या स्टेशनावर पोचले. साहेबांना सांगितलं, मेट्रो लेट होती. बघा, खोटं बोलायची सवय काही सुटलेली नाही.

गणपतीत दहा दिवस एक पान झालं नाही. पूर्वी तिथेच मुहूर्त संपला असता. या वेळी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी कुकर लावला आणि हात आपोआप फ्रिजवर गेला. मोठं काही वाचून होत नाही, जाडजूड चरित्रं तर नाहीच. पाच-पाच मिनिटांत ती तुटक वाटतात. त्याला तुमचीच खुर्ची हवी, हे मान्य. पण जूनपासून सहा पुस्तकं झाली. सातव्यात आहे.

आता एक काम. दिवाळी अंकांची योजना निघायची वेळ झाली. १९०९ आणि 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक हे तुमचं भाषण आम्ही फराळाच्या वेळी ऐकूच, पण त्याआधी ग्रंथालयात जाऊन आईच्या नावानं वेगळं कार्ड काढा. तुमच्या कार्डावर नको. वर्गणी आणि अनामत मी आजच पाठवते. आई नको म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नका. आणि दिवाळीत मी आले की तिला घेऊन भिलारला जाणार आहे, आम्ही दोघीच. ते घर सापडेल असं ती म्हणते.

तब्येतीला जपा. आई, चष्म्याचा नंबर काढून घेतलास का?

तुमची,
थोरली

ता. क. बाबा, ट्रंकवाल्या मामांचं ते पुस्तक आईनं तुमच्या शिफारशीवरून आणलं होतं. सहा वर्षांपूर्वी तुमच्या वहीत त्याची नोंद आहे, शेरा 'वाचनीय'. मागच्या तारखांच्या कागदावर तुमचा सभासद क्रमांकही आहे. आम्ही पान ११३वर आलो तेव्हा पुढची दोन पानं वरच्या कडेला जोडलेली निघाली, छापखान्यात कापायचीच राहिलेली. मला आतून सुरीनं कापावी लागली. ट्रंक नेमकी त्याच पानांत उघडते. आई काही बोलली नाही, पण कापूस धरून इतकी हसली की थेंब वाहून गेला आणि परत घालावा लागला. तर येत्या रविवारी फोनवर मी विचारणार आहे: ट्रंकेत काय होतं?